बेट की मुक्ती?

वर्गात सहज तोंडातून निसटलेले एखादे वाक्य पुढे महिनोन्‌महिने आपला पिच्छा पुरविते. वीस वर्षे मराठी शिकविल्यावर याची सवय व्हावयास हवी होती; मला ती अद्याप झालेली नाही.

गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी एकोणिसाव्या शतकातले मराठी गद्य शिकवीत होतो. पंडिता रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे १८८९ सालचे पुस्तक हाती होते. पुस्तक झकास आहे. बाईंची नजर तीक्ष्ण आणि भाषा सरळ. मी रंगात आलो होतो. कोणा मुलाने विचारले, "सर, पुढे त्यांनी काय केलं?" आणि मी घड्याळाकडे पाहत म्हणून गेलो, "पुढे दुष्काळात शेकडो मुली गोळा केल्या आणि भाकरीच्या मोबदल्यात त्यांना ख्रिस्ती करून टाकलं. पोटासाठी धरलेल्या श्रद्धेला श्रद्धा म्हणायचं की नाही, हे तुम्हीच ठरवा." मागच्या बाकावर दोघे-तिघे हसले. घंटा झाली.

खरे सांगावयाचे तर हे वाक्य माझे नव्हतेच. ते आमच्या आजोबांचे. रमाबाईंचे नाव निघाले की आजोबा पान थुंकावयास उठत. आणि ती रीत त्यांनीही आपल्या वडिलांकडून उचललेली असणार. माझ्याकडे आली तेव्हा त्यातले पान तेवढे गळाले होते.

दुसऱ्या दिवशी खिडकीजवळ बसणारी एक अबोल मुलगी शिक्षकांच्या खोलीत आली. "सर, माझी खापरपणजी मुक्तीतली. मध्य प्रांतातनं आणलेली. सत्त्याण्णवच्या दुष्काळात. तुम्ही म्हणालात ना, त्यांतलीच." मी काहीतरी पुटपुटलो. तिच्या बोलण्यात राग नव्हता, पेपरात किती गुण मिळाले, हे विचारावे तशा सुरात तिने विचारले, "आजी सांगते, ती म्हातारपणीसुद्धा पहाटे उठून प्रार्थना करायची. मग ती खोटी होती का, सर?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. ग्रंथालयात शोधून झाले, तरी ते मिळेना. शेवटी एका रविवारी पुणे स्टेशनावर दौंडकडे जाणाऱ्या गाडीत जाऊन बसलो.

केडगाव पुण्याहून पन्नास-साठ किलोमीटरांवर. (नगरजवळचे केडगाव निराळे, तिकडे गेलात तर फसाल.) लोणी, उरुळी, यवत अशी स्टेशने मागे पडू लागली की शहर संपते आणि ऊस सुरू होतो. कालव्याच्या पाण्याने या भागाचे रूप पार पालटले आहे. गुऱ्हाळांचा धूर आणि काकवीचा वास गाडीच्या डब्यापर्यंत येतो. समोर बसलेल्या गृहस्थांच्या मांडीवर गुळाची ढेप फडक्यात बांधलेली होती, तान्ह्या मुलासारखी. हा सगळा मुलूख एके काळी कोरडा माळ होता, दुष्काळ पडला की माणसे येथून देशोधडीला लागत, यावर त्या हिरव्यागार उसाकडे पाहून विश्वास बसत नाही.

स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याने विचारले, "बेट की मुक्ती?"

प्रश्न ऐकून मी क्षणभर थबकलोच. इतका अवघड प्रश्न इतक्या सकाळी मला कोणी विचारला नव्हता! मग उलगडा झाला. केडगावात दोन ठिकाणी बाहेरचा माणूस येतो. एक बेट, म्हणजे नारायण महाराजांचे दत्तस्थान. आणि दुसरी मुक्ती, म्हणजे रमाबाईंचे मिशन. दोन्हीकडे भाडे घेऊन जाणारा रिक्षावाला एकच. मी म्हणालो, "मुक्ती." तो म्हणाला, "बसा. परततांना बेटही दाखवतो, दत्ताला काय वाईट वाटणार नाही."

मुक्तीचे आवार विस्तीर्ण आहे. जुनी झाडे, दगडी इमारती आणि मधोमध ते प्रचंड प्रार्थनामंदिर. खेड्यातल्या माळावर इतके मोठे मंदिर का बांधले असेल, असे प्रथम वाटते. पण १९०० सालच्या सुमारास येथल्या मुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली होती, हे आठवले की बांधणारीचा हिशेब कळतो. रविवारची उपासना नुकतीच संपली होती. दारात उभ्या असलेल्या बाईंनी "सलाम" म्हणून स्वागत केले. महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकांचा हा जुना नमस्कार. मी हात जोडावे की सलाम म्हणावे, या गोंधळात दोन्ही केले.

रमाबाईंची कथा आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. पण ती निम्मीच. १८५८ चा जन्म, विद्वान वडील अनंतशास्त्री डोंगरे, आईकडून संस्कृतचे शिक्षण, तीर्थयात्रा, दुष्काळात आईवडील आणि बहीण यांचा मृत्यू, १८७८ साली कलकत्त्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' हे सन्मान, भावाचा मृत्यू, बिपिनबिहारी मेधावींशी विवाह आणि दोन वर्षांच्या आत वैधव्य. येथवर आपण अभिमानाने सांगतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेजच्या मठात त्यांनी छोट्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला, आणि तेथून आपला आवाज उतरतो.

मी मुक्तीत जाण्याआधी त्यांचा पत्रव्यवहार वाचून गेलो होतो. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो इंग्रजीत छापला. तो वाचताना माझी पहिली समजूत कोसळली. मला वाटे, धर्म बदलला म्हणजे बाई गोऱ्यांच्या ओंजळीने पाणी पिऊ लागली असणार. प्रत्यक्षात वाँटेजची सिस्टर जेराल्डीन, जिला रमाबाई आणि मनोरमा प्रेमाने 'आजीबाई' म्हणत, ती त्यांच्या हट्टीपणाने हैराण झालेली दिसते. रमाबाई मांसाहार करीत नाहीत, म्हणून तिला जातीचा ताठा दिसतो. क्रुसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, असे रमाबाई विचारतात. चर्चची अधिकृत मते त्या जशीच्या तशी स्वीकारीत नाहीत. बायबलात ते कोठे आहे ते दाखवा, म्हणतात. चेल्टनमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याची गोष्ट निघाली तेव्हा बिशपांनी नाके मुरडली. त्यावर बाईंनी असे काही सुनावले की वाचणाऱ्यास पुणेरी बाण्याची आठवण व्हावी. १८८५ च्या एका पत्रात तर त्या स्पष्टच लिहितात की, मला विवेकबुद्धी आहे. हिंदुस्थानातल्या पुरोहितांचे जोखड मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविले आहे, आता पाद्री सांगतील ती प्रत्येक गोष्ट देवाची आज्ञा म्हणून दुसरे जोखड घेणार नाही.

म्हणजे वाँटेजच्या मते ही बाई आज्ञाधारक नव्हती, सबब तिची श्रद्धा कच्ची. आणि गंमत अशी की, पुण्याच्या मते ती फारच आज्ञाधारक, मिशनऱ्यांची हस्तक! ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत काढलेले शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यास आले. रानडे, भांडारकरांसारखी माणसे सल्लागार होती. गोदूबाई, म्हणजे पुढे धोंडो केशव कर्व्यांशी विवाह केलेल्या आनंदीबाई, याच सदनाच्या विद्यार्थिनी. पण मुली बाईंच्या खासगी प्रार्थनेला बसतात, असे कळले. 'केसरी'ने झोड उठविली. १८९३ साली सल्लागार बाजूला झाले. पालकांचा राग खोटा नव्हता. विधवा मुलीला विश्वासाने सोपवायचे आणि तिने धर्म सोडून परत यावे, हे दुःख लहान नाही. आजोबांच्या त्या पानात हेही थोडे असणार. पण रमाबाईंचे म्हणणे एवढेच होते की, मी कोणाला बोलावणार नाही आणि माझ्या खोलीचे दारही लावून घेणार नाही. मैत्री गेली, पैसा आटण्याची भीती होती, तरी ते दार उघडेच राहिले. आज्ञापालन म्हणतात ते हेच असेल, तर ते ना वाँटेजचे होते ना पुण्याचे.

आणखी एक गोष्ट मला नवी होती. रमाबाईंनी १९०७ साली आपली साक्ष लिहिली. तीत त्या कबूल करतात की, बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. तो पुढे आठ वर्षांनी मिळाला. ज्या बाप्तिस्म्यावरून सारे पुणे पेटले, त्याबद्दल खुद्द बाईच म्हणतात की, तेव्हा मी अर्धीच होते! सनावळ्या पाठ करणाऱ्या आम्हा अध्यापकांची यात मोठी पंचाईत आहे. धर्मांतराची तारीख सांगता येते; पण ते आठ वर्षांचे चालणे कोणत्या तारखेला घालावयाचे?

आवार दाखविणाऱ्या बाईंनी मला व्हरांड्यात एका आजींच्या समोर नेऊन बसविले. वय पंच्याऐंशीच्या पुढे, दृष्टी लहानपणीच गेलेली. मांडीवर ब्रेलचे जाडजूड पुस्तक होते. अंध मुलींना शिकविण्याचे काम येथे मनोरमाबाईंनी सुरू केले. तो वारसा अद्याप चालू आहे. आजींची बोटे पानावर तशीच राहिली आणि चेहरा माझ्याकडे वळला. "कोण? मास्तर का? आवाजावरनं वाटतंच."

मी इकडचे तिकडचे बोललो. आपण विचारावयास आलो आहोत तो प्रश्न या माणसाला विचारण्यासारखा नाही, हे कळत होते. पण तो विचारल्यावाचून परत जाणे त्याहून वाईट. शेवटी म्हणालो, "आजी, लोक म्हणतात की दुष्काळात पोटासाठी आलेल्या मुली. त्यांची श्रद्धा खरी होती की नव्हती, हे कसं ओळखायचं?"

आजी खुदकन हसल्या. "पोटासाठीच की! मी पण पोटासाठीच आले. आईबाप नव्हते, डोळे नव्हते. चार वर्षांचं पोर काय प्रार्थना करायला येतं व्हय? ते भाकरीच्या वासानं येतं." मग थोडे थांबून म्हणाल्या, "येतं पोटासाठी, बाळा. राहतं कशासाठी, ते बघावं."

त्यांना ज्या बाईने वाढविले ती १९०० सालच्या गुजरातच्या दुष्काळातून लहानपणी येथे आलेली होती. आजी तिला आईच म्हणत. "आईला एक खोड होती. रोज रात्री अर्धी भाकरी उशाखाली ठेवायची. सगळ्यांना ठावकी होतं. कोणी काही बोलायचं नाही, कारण तिच्या वयाच्या बऱ्याच जणी तसंच करायच्या. भूक फार वाईट बघितलेली. येशूचं नाव घ्यायची, गाणी म्हणायची, पहाटे गुडघे टेकायची, सगळं करायची. पण रात्र झाली की भाकरी उशाखाली. देवावर भरवसा आहे म्हणायची, पण उद्याच्या भाकरीपुरता नव्हता."

"मग मी आले. मीबी चोरायची. हाताला लागेल ते. एकदा रात्री चाचपत तिच्या उशाखाली हात घातला, तर तिनं मनगट धरलं. मला वाटलं आता मार बसणार. ती काही बोलली नाही. भाकरी काढून माझ्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी झोपायच्या वेळी माझ्या उशाखाली हात गेला, तर तिथं अर्धी भाकरी. तिसऱ्या दिवशी पण. माझी भूक जाईस्तोवर रोज माझ्याच उशाखाली. तिच्या उशाखाली पुन्हा कधी दिसली नाही. मी रोज चाचपून बघायची ना!" आजी पुन्हा हसल्या. "चाळीस वर्षं लागली तिला त्याला. पण झालं."

मी वहीत काही लिहिले नाही. लिहिण्यासारखे पुष्कळ होते, पण हात उचलेना.

परत येताना बाईंनी छापखान्याच्या दिवसांची हकीकत सांगितली, आणि मराठीचा अध्यापक म्हणून मी येथे सर्वांत अधिक रेंगाळलो. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबलाचे मराठी भाषांतर एकहाती केले. सुमारे अठरा वर्षे ते चालले होते. आधीची भाषांतरे होती. पण ती बाईंना फार संस्कृतप्रचुर वाटत. जिने पुराणांचे हजारो श्लोक मुखोद्गत केले, जिला कलकत्त्याच्या पंडितांनी सरस्वती म्हटले, ती बाई एकेक संस्कृत शब्द काढून टाकून त्याजागी खेड्यातल्या बाईला कळेल असा शब्द शोधीत बसली आहे, हे चित्र मला विलक्षण वाटते. विद्वत्ता मिरविण्याचा मोह सोडणे किती कठीण असते, ते आमच्या व्यवसायातल्या माणसांना विचारावे. भाषांतर म्हणून ते सर्वत्र रुचलेच असे नाही. साधेपणाच्या आग्रहाने काही ठिकाणी वाक्य ओबडधोबड झाले आहे, आणि चर्चमध्ये ते रूढही झाले नाही. पण ज्यांच्यासाठी केले त्यांना ते कळावे, हा आग्रह प्रेमाचाच एक प्रकार नव्हे काय? त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक अक्षरांचे खिळे जुळवीत त्या दुष्काळातल्याच मुली. रानातून उचलून आणलेल्या!

जुलै १९२१ मध्ये मनोरमा मिरजेस वारली. एकुलती एक मुलगी, सर्व कामाची वारस. बाईंनी काम थांबविले नाही. शेवटची मुद्रिते तपासण्यापुरते दिवस त्यांनी देवाकडे मागून घेतले आणि ती तपासून होताच ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला, असे मुक्तीत सांगतात. सबंध बायबल १९२४ साली छापून बाहेर पडले.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. १९०५ साली मुक्तीत मोठी धार्मिक जागृती झाली. शेकडो मुली रात्ररात्र प्रार्थना करीत, रडत. काहींच्या तोंडून अनोळखी भाषा निघू लागल्या. देशोदेशीच्या मिशनऱ्यांत वाद माजला. कोणी याला वेड म्हटले, कोणी हीच खऱ्या श्रद्धेची खूण ठरविली. मला असल्या गोष्टींचे भय वाटते, हे मी लपवीत नाही. पण रमाबाईंनी १९०७ साली आपल्या पत्रिकेत यावर जे लिहिले ते वाचून मी चकित झालो. अनोळखी भाषेत बोलणे ही एक खूण असेल, पण ती आवश्यक खूण नव्हे. परिपूर्ण प्रेम हीच एकमेव आणि सर्वांत आवश्यक खूण, असा त्याचा आशय आहे. जिच्या अंगणात हा चमत्कार चालला होता, तिनेच त्याला दुय्यम ठरविले! आपल्या तुकोबांनी साधू ओळखण्याची जी खूण सांगितली ती आपल्याला तोंडपाठ आहे. केडगावच्या माळावर बसून ही बाई त्याच गावाला पोचली होती, आणि मी मात्र पुण्यात बसून तिच्या भाकरीचा भाव काढीत होतो.

रिक्षावाला झाडाखाली झोपला होता. त्याने ठरल्याप्रमाणे बेटही दाखविले. तेथे आरती चालू होती. एक म्हातारी प्रसादाचा अर्धा पेढा पदराच्या टोकाला बांधीत होती. घरी कोणासाठी तरी असणार.

सोमवारी वर्गात मी माझे ते वाक्य मागे घेतले. काय चुकले तेही सांगितले. निम्म्या वर्गाला ते वाक्य आठवतच नव्हते, आणि मागच्या बाकावरच्यांना हे परीक्षेत येणार आहे का, एवढेच हवे होते. तास संपल्यावर खिडकीजवळची मुलगी थांबली. मी तिला उशाखालच्या भाकरीची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ बाकावरची रेघ नखाने उकरीत उभी राहिली.

"सर, त्या आजी अजून भेटतील?"

"भेटतील की."

"माझ्या आजीनं मुक्ती कधी बघितलीच नाही. गुडघे दुखतात तिचे. स्टेशनापासून रिक्षा मिळते ना?"

मिळते म्हणालो. आणि रिक्षावाला पहिला प्रश्न काय विचारतो, तेही सांगून ठेवले. ती हसली आणि वहीच्या मागच्या पानावर गाडीची वेळ लिहून घेतली.